घोडी नकोत, पावलं दाखवा

उचगावच्या राजाबाईला जी माणसं चेटकीण म्हणाली, त्यांतल्या निम्म्यांनी त्याआधी तिच्या शब्दावर घोडे खेळून घरात पितळेची भांडी आणली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी 'आम्ही नव्हतो बाबा त्यात' म्हणत यायला नको. नावं घेत नाही. बरीचशी माणसं पुढं प्रतिष्ठित झाली. एकानं तर देवळाला घंटा दिली आणि तीवर देवापेक्षा स्वतःचं नाव मोठं कोरून घेतलं.

राजाबाई मूळची खानापूरकडची. बाप भात पिकवणारा, आणि त्याला बैल पारखायचं वेड. बाजारात लोक बैलाचे दात बघतात, वशिंड चाचपतात, शेपटी पिरगाळतात. हा गृहस्थ बैलाकडं बघायचाच नाही. रोप लावायच्या आधी पाणी भरलेल्या वावरात बैल फिरवून मातीचं दही करतात, ती चिखलणी. तिच्यासाठी बैल घ्यायचा असला की तो विकणाऱ्याला म्हणायचा, "जरा ह्या ओल्यातनं एक फेरी मार." बैल गेला की हा उकिडवा बसून मागं राहिलेली पावलं बघायचा. पावलाची कड स्वच्छ उमटली असेल तर बैल चिखलाचा. खुराचं टोक माती खणत, फाडत गेलं असेल तर, "ह्यो वाळल्या रानाचा, गाडीला जुपा." राजाबाई पोरवयापासून बापाशेजारी उकिडवी बसायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण ओल्या मातीत उमटलेलं काही तिला वाचता आलं नाही असं झालं नाही.

लग्न होऊन ती उचगावला मष्णूच्या घरी आली. मष्णू इतका गरीब स्वभावाचा, की तो मोठ्यानं बोलल्याचं शपथेवर सांगणारी गावात दोनच माणसं, आणि त्यांतलं एक बहिरं. त्याच्या वाट्याचं सगळं राजाबाई बोलायची. उंच, काळीसावळी, गालात कायम तंबाखूची चिमूट. आवाज असा, की तिनं बांधावरनं हाक मारली तर हिंडलग्याची कुत्री उठून उभी राहायची.

पावसाळ्याचे चार महिने ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन बेळगावच्या कॅम्पात जायची. साहेबांच्या तबेल्यांना ताजं हिरवं गवत लागायचं. तिथला मोतद्दार शामू, म्हणजे घोड्यांचं दाणापाणी आणि खरारा बघणारा माणूस, हा तिचा गिऱ्हाईक आणि भांडणाचा जोडीदार. कॅम्पापलीकडच्या मैदानावर शनिवारी घोड्यांच्या शर्यती चालायच्या. साहेबलोक छपराखाली खुर्चीत, आणि आपण कुंपणाबाहेर छत्रीत, नाहीतर छत्रीवाल्याच्या काखेत.

एकतीस सालच्या आषाढातली गोष्ट. शर्यतीआधी शामू घोडे फिरवत होता. मैदानाचं पार वावर झालं होतं. राजाबाईनं भारा टाकला आणि सवयीनं खाली बघितलं.

"शामू, ह्यो पांढऱ्या पायाचा कुणाचा रं?"

"कर्नलसायबाचा. आज ह्योच मारणार. समदी ह्याच्यावरच लावालेत."

"मारतोय कशाचा! माती खणतोय त्यो. नांगराला जुपा म्हणावं."

"आक्का, घोडा हाय त्यो. रेडा न्हवं."

"चिखलाला कुठं कळतंय घोडा का रेडा?"

पांढऱ्या पायाचा सहा घोड्यांत पाचवा आला, आणि सहावा आला तो वाटेत जॉकी सांडून आला होता. शामू त्या दिवसापासून राजाबाईला गवताचा भाव विचारायच्या आधी घोड्याचं विचारू लागला. तिचं शास्त्र दोन वाक्यांचं होतं. ती म्हणायची, "वाळल्यात घोडं पळतंय. चिखलात घोडं पाय उपसतंय." कोरड्या मैदानावरचे मानकरी, पुण्याहून रेल्वेनं आलेले, कागदावर वंशावळ असलेले, ते जोर देऊन पाय टाकायचे आणि तो जोर चिखल पिऊन टाकायचा. बाकीचं जग घोड्याचा आजा कोण ते बघत असताना ही बाई घोडा पुढं गेल्यावर मागची जमीन बघत बसायची.

टिप ती कुणालाही द्यायची आणि फुकट द्यायची. फार तर तंबाखू घ्यायची. स्वतः मात्र तिनं कधी एक आणाही लावला नाही. कुणी टोचलं तर म्हणायची, "दरसाल भात लावतोय की. त्येच्यापरास मोठा जुगार तुज्या सायबाकडं तरी हाय काय?"

एकदा चुकली, तेही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्यानं मीठ-मसाला घातला म्हणाल. दसऱ्याच्या सुमाराला मैदान वाळलं होतं. वडगावची काही विणकर मंडळी माग बंद ठेवून आली आणि हट्टच धरून बसली. वैतागून तिनं एका घोड्याकडं बोट केलं. तो घोडा अजून यायचा आहे. वडगावात त्या आठवड्यात कुणाच्या घरी भाजीला तेल पडलं नाही म्हणतात. त्यानंतर ती साफ सांगायची, "चिखलाबाहेरचं मला इचारू नगा. त्येचं मला काय कळत न्हाय." आपल्याला काय कळत नाही हे चारचौघांत सांगणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. बाप्यांचं तर सोडाच.

आता तम्मण्णा. हा बेळगावशेजारच्या शहापूरचा. सहा दिवस लुगडी विकायचा आणि शनिवारी कुंपणाशी काळी छत्री रोवून, हातात पाटी घेऊन लोकांचे पैसे घोड्यांवर लावून घ्यायचा. त्याची बायको बाळाबाई सोमवारी विहिरीवर यायची, तेव्हा तिच्या लुगड्याच्या काठाची रुंदी बघून शनिवारी शहापूर किती हरलं ते बायकांना कळायचं. राजाबाई आल्यापासून पावसाळ्यात तो काठ अरुंद व्हायला लागला. तिसऱ्या पावसाळ्यात बाळाबाई विहिरीवर यायचीच बंद झाली. पाणी तम्मण्णा स्वतः भरायचा म्हणे, पहाटे, तोंडाला पंचा गुंडाळून.

चौतीस सालच्या श्रावणात एका कप्तानाच्या घोड्याचं पोट फुगलं. दोन दिवस लोळला आणि बरा झाला. पण तम्मण्णाला तेवढं पुरलं. कुंपणाशी उभा राहून तो आपल्या कानडी ढंगात म्हणाला, "एन री, डोकं चालवा की जरा! तबेल्यात गवत कोण टाकतंय? राजाक्का. घोडं कोण पाडतंय? राजाक्का. अहो, गवतातनं काय घालायचं ते घालायचं, आणि मग सांगायचं अमका हरणार! ह्यात कसली आलीय पारख?"

ही गोष्ट शर्यतींचा कारभार बघणाऱ्या मेजरच्या कानावर गेली. तांबड्या मिशांचा माणूस, वाईट नव्हता, पण स्वतःचे घोडे पळवायचा आणि पावसात राजाबाईनं त्याची तीनदा हार सांगितली होती. त्यानं हुकूम दिला, उचगावची गवतवाली कॅम्पाच्या फाटकात दिसता कामा नये.

कॅम्पातली बातमी उचगावला पोचायला गवताच्या भाऱ्याएवढाही वेळ लागत नाही. शेजारणीनं, नागुबाईनं, आपली गाय राजाबाईच्या बांधावरनं सोडून दुसरीकडं बांधली. तोंडानं काही बोलली नाही, नुसती दोरी लांबवर नेली. ज्यांच्या बैलांची पावलं बघायला राजाबाईला बोलावणं यायचं, ते दुसऱ्या वाटेनं जायला आणि पाठीमागं तिला चेटकीण म्हणायला लागले. गाव नांदतं ते एकमेकांच्या जनावरांना चारा घालून. ज्या हाताच्या चाऱ्यात विष आहे असं एकदा ठरलं, त्या हाताला मग गावात काही उरत नाही.

गाय हलली त्या संध्याकाळी मष्णू मोठ्यानं बोलला. दोन साक्षीदारांत तिसऱ्याची भर पडली.

"गवात हिंडलग्यात इक. कॅम्प सोड."

"गवात कुटंबी इकीन," राजाबाई म्हणाली. "पन ईख घालणारी म्हणून न्हाय इकणार. आज नागुबाईनं गाय हलिवली. उद्या माझ्या हातचं पाणी कोण पिणार न्हाय. ज्यानं हुकूम काढून माज्यावर आळ घातलाय त्यानंच त्यो काढाय पायजे."

"आगं, सायब हाय त्यो."

"मग? त्येच्या तोंडाला काय येगळं दार हाय?"

शनिवारी ती फाटकात जाऊन उभी राहिली. भारा न घेता, इरलं पांघरून, भर पावसात. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणाली, "आत येत न्हाय. फाटक तुजं, रस्ता सरकारचा, पाय माजं." मेजरची मोटार आली, ती तिच्यासमोर थांबवावीच लागली, कारण ती हलली नाही.

मेजरबरोबर केदारी होता. वडगावच्या विणकराचा मुलगा, इंग्रजी शिकून जिमखान्यात कारकून झालेला. त्याच्या घराण्यात तुटलेला धागा गाठ दिसू न देता जोडायची हातोटी. तो बोलणंही तसंच जोडायचा. मेजर शिवी देई ती मराठीत सूचना होई, आणि लोक शिवी देत ती इंग्रजीत विनंती होई. बेळगावात त्या काळी दंगल झाली नाही याचं श्रेय मी केदारीला देतो.

"केदारीअण्णा, सांग त्येला," राजाबाई म्हणाली, "मी त्येच्या घोड्यांना हात लावणार न्हाय. गवात टाकणार न्हाय. घोडी बघणार बी न्हाय. मला घोडी नगोत, पावलं दावा. तबेल्यामागच्या ओल्या पट्टीवरनं येकेक घोडं न्या. मी पाठ करून बसतो. घोडी आत गेली की मी पावलं बघून सांगतो, कुठलं पयलं येणार ते."

आमच्याकडच्या बायका 'बसतो, सांगतो'च म्हणतात, त्यात राजाबाई तर जास्तच.

मेजर हसला. मागं मोटारीत दोन-तीन साहेब होते, त्यांनाही गंमत वाटली. पैज म्हटली की गोऱ्या माणसाची अक्कल आणि आपल्या माणसाची अक्कल एकाच गोठ्यात बांधलेली. मेजर म्हणाला, सांगितलेला घोडा पहिला आला तर हुकूम मागं घेतो. नाही आला तर जन्मात कॅम्पात पाऊल टाकायचं नाही.

"आनी येक," राजाबाई म्हणाली. "हुकूम गपचिप काढायचा न्हाय. हितं, समद्यांच्या देखत त्येनं तोंडानं म्हणायचं, राजाबाईच्या गवतात काय नव्हतं."

केदारीनं ते बराच वेळ इंग्रजीत गुंडाळलं. मेजर कबूल झाला.

तबेल्यामागं ओल्या जमिनीवर चुन्याची फक्की टाकून सात पट्टे आखले. राजाबाई पलीकडच्या भिंतीकडं तोंड करून, इरलं डोक्यावरनं ओढून बसली. दोन शिपाई तिच्यावर पहाऱ्याला. लबाडी होऊ नये म्हणून तम्मण्णा स्वतः हजर होता. एकेक घोडा एकेका पट्ट्यातनं दुडक्या चालीनं गेला आणि आत गेला. कुठल्या पट्ट्यातनं कुठला घोडा ते केदारीनं कागदावर लिहून कागद खिशात ठेवला.

मग राजाबाई उठली. काष्टा वर खोचला. एकेक पट्टा धरून ती खाली वाकून चालली. मधेच थांबून पावलात चार बोटं घालायची, कडेला अंगठा फिरवायची, पुढं जायची. पावसानं पावलं भरत होती आणि तम्मण्णा हसत होता. साहेबलोक आधी हसत होते, मग जवळ सरकले.

"पाचवी वळ," ती उठून म्हणाली. "ह्यो पयला येणार. ह्याचं खूर भगुल्यावाणी रुंद हायती, आनी पाय सरळ वर उचलतोय. चिखल ह्याला धरतच न्हाय."

केदारीनं कागद बघितला. पाचव्या पट्ट्यातनं गेली होती जनावरांच्या डॉक्टर साहेबाची मातकट रंगाची थोराड घोडी. तिच्यावर त्या मोसमात कुणी पैसा लावला नव्हता. खुद्द डॉक्टर तिच्यावर लावत नसे.

"आनी दुसरी वळ," राजाबाई म्हणाली, "ह्याला आज पळवू नगा. मागचा उजवा पाय ठेवताना चुकिवतोय. तीन पावलं खोल, चौथं उथळ. दुखतंय त्येला. ह्या चिखलात पाय जाईल."

केदारीनं पुन्हा कागद बघितला आणि त्याची सगळी विणकाम-विद्या गळाली. दुसऱ्या पट्ट्यात मेजरचा स्वतःचा घोडा होता. त्या दिवशी अख्ख्या बेळगावानं ज्याच्यावर लावलं होतं तो.

"सांग की रं."

केदारी इंग्रजीत बोलला. बराच वेळ बोलला. मेजर हसत मान डोलावत होता.

"केदारीअण्णा," राजाबाईनं त्याचा सदरा धरला, "मी चार शब्द बोललो, तू चाळीस बोललास. आनी त्यो हसाय लागलाय. तू काय सांगितलंस त्येला? नीट सांग. घोडं मुकं हाय, त्येच्यासाठनं तरी सांग."

तेव्हा केदारीनं आयुष्यात पहिल्यांदा गाठ दिसेल असा धागा जोडला. मेजरचा चेहरा मिशीच्या रंगाचा झाला. त्यानं डॉक्टर साहेबाला बोलावून घोड्याचा पाय दाखवला. डॉक्टरनं दाबून बघितलं, वाकवून बघितलं, काही सापडलं नाही. मेजर म्हणाला, घोडा पळणार.

राजाबाईचं आता दुहेरी अडकलं. घोडी हरली तर कॅम्प गेला, आणि मेजरचा घोडा जिंकला तर गावासमोर चेटकीणही आणि खोटारडीही. शामूनं हळूच विचारलं, "आक्का, त्या घोड्याचं कशाला काढलंस? तुला कुणी इचारलं होतं काय?"

"पावलानं सांगितलं ते अर्धं गिळू व्हय?"

ही बातमी कुंपणापलीकडं पोचायला किती वेळ लागला असेल? तम्मण्णाच्या छत्रीभोवती एवढी झुंबड उडाली की छत्रीच्या काड्या मोडल्या. ज्यांनी आठवडाभर राजाबाईची वाट टाळली होती तेही रांगेत होते, मान खाली घालून, मातकट घोडीवर लावायला. आणि तम्मण्णानं स्वतः आपल्या मेहुण्याला दुसऱ्या बुकीकडं पाठवून कुठल्या घोड्यावर लावायला सांगितलं, ते मला मेहुण्यानंच सांगितलं, पण मेहुणा अजून त्याच घरात राहतो, तेव्हा राहू द्या.

शर्यत सुटली. मेजरचा घोडा पहिल्या झपाट्यात चार घोड्यांएवढा पुढं. साहेबलोक उभे राहिले. मातकट घोडी शेवटून दुसरी, सगळ्यांचा उडालेला चिखल तोंडावर घेत, पाय वर उचलून वर उचलून, लावणीच्या वावरातनं बाई चालते तशी. मैदानाच्या वळणावर पाणी साचलं होतं. तिथं मेजरच्या घोड्याची चाल मोडली. जॉकीनं शहाणपणानं लगाम ओढला आणि तो बाजूला निघाला, तीन पायांवर. मागचे सगळे एका घोळक्यात आले, आणि शेवटच्या टप्प्यात दोन घोडे एकमेकांना चिकटून पुढं सुटले.

आणि मग झाली पंचाईत. दोन्ही घोडे, दोन्ही जॉकी, त्यांचे रंगीत सदरे, पाठीवरचे आकडे, सगळं टाचेपासून डोक्यापर्यंत एकाच चिखलानं सारवलेलं. पहिलं कोण आलं ते सगळ्यांनी बघितलं, पण ते कोण होतं ते कुणालाच कळलं नाही. कुंपणाशी आरडाओरडा. पुढं आलेल्या जनावराला धरून ठेवलं आणि शामूला बादली आणायला पिटाळलं. राजाबाई मधे उभी होती. पहिल्यांदाच मी तिला तंबाखू चघळायला विसरलेली पाहिली. पण आवाज तसाच.

"सावकाश धू रं शामू. आता कुठं पळून जात न्हाय ती."

शामूनं पहिली बादली ओतली, आकडा दिसेना. दुसरी ओतली. मग हातानं पुसलं. खालून डॉक्टर साहेबाच्या घोडीचा आकडा निघाला, आणि कुंपणापलीकडं असा गलका झाला की छपराखालच्या मडमांनी कानावर हात ठेवले. तम्मण्णा दिसला नाही. छत्री मात्र होती.

मेजर आधी घोड्याकडं गेला. डॉक्टरनं पुन्हा पाय बघितला आणि ह्या वेळी त्याला आत कुठंतरी शीर सुजलेली सापडली. चार महिन्यांनी बरा होईल, म्हणाला, अजून शंभर पावलं पळवला असता तर गोळी घालावी लागली असती. मेजर बराच वेळ घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग राजाबाईकडं आला. केदारीमार्फत म्हणाला, हुकूम रद्द. शिवाय पगार देतो. दर शनिवारी माझ्याजवळ उभं राहायचं, पावलं बघायची आणि फक्त माझ्या कानात सांगायचं.

मष्णू कुंपणाला आला होता. गावातले सगळे आले होते, नागुबाईसुद्धा. पगार हा शब्द सगळ्यांना इंग्रजीतही कळला.

"त्येला सांग," राजाबाई म्हणाली, "जिमीन समद्यांच्या म्होरं हाय. मी समद्यांच्या म्होरंच सांगणार. कानात सांगाय मी काय त्येची बायको न्हवं."

केदारीनं मेजरकडं बघितलं, राजाबाईकडं बघितलं, आणि ह्या खेपेला एकही शब्द न गुंडाळता सांगून टाकलं. छपराखाली एक साहेब खो खो हसला. मेजर हसला नाही, पण चिडलाही नाही.

"आनी त्येचं बोलणं ऱ्हायलंय," राजाबाई म्हणाली.

मेजरनं टोपी काढली. पावसात, तांबडे केस चपटे झालेले, कुंपणाकडं तोंड करून तो आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला की राजाबाईच्या घासमध्ये काही खराब चीज नव्हती, ती झूठ बात होती, आणि वो बात मी मानली ही माझी गलती.

नागुबाईनं पदर तोंडाला लावला. मेजर टोपी घालून वळला.

"केदारीअण्णा, थांबीव त्येला," राजाबाई म्हणाली. "म्हणावं, आनी येकदा. मागच्यांस्नी ऐकाय आलं न्हाय."

केदारीनं सांगितलं. मेजर थांबला, त्यानं पुन्हा टोपी काढली, आणि या वेळी जरा मोठ्यानं म्हणाला.